डिलाइटमध्ये लाइट नाहीये!

कित्येक वर्षं ऐकतोय की इंग्रजीतला डिलाइट (delight, आनंद) म्हणजे डी-लाइट, 'प्रकाशाचं', म्हणून मन उजळणं. ऐकायला गोड आहे पण खरं नाही. हा शब्द लॅटिनच्या डेलेक्टारे, म्हणजे खूश करणे, यावरून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि आधी त्याच्या स्पेलिंगमध्ये जी-एच नव्हतेच, ते १६व्या शतकात लाइट, फ्लाइट वगैरे बघून घुसले. खरं नातं डिलिशसशी, म्हणजे चवीशी, आणि मला तर हेच जास्त आवडतं.

वापरताना बघा, 'आय ॲम डिलाइट' नाही, 'आय ॲम डिलाइटेड'. कारण क्रियापद म्हणून डिलाइट म्हणजे दुसऱ्याला खूश करणं, स्वतः रमायचं असेल तर पुढे 'इन' लागतो, जसं 'शी डिलाइट्स इन म्युझिक'.