एकच दगड, तीनदा खणलेला

कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला, युटाच्या हद्दीलगत, सॅन मिगेल आणि डोलोरेस नद्यांनी वाळूचा दगड कापून खोल दऱ्या केल्या आहेत. त्यांच्या कड्यांत शेकडो जुन्या खाणींची तोंडं आहेत. इथलं खनिज वेगवेगळ्या काळात रेडियम, व्हॅनेडियम आणि युरेनियम अशा तीन वेगळ्या मूलद्रव्यांसाठी खणलं गेलं, आणि दरवेळी बाकीचा माल कचरा म्हणून बाहेर टाकला गेला.

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी या भागात नद्या वाहत होत्या. पुरात वाहून आलेली झाडं वाळूत गाडली गेली. पुढे त्या वाळूतून भूजल फिरू लागलं. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम सहज विरघळतं. कुजलेल्या लाकडाजवळ मात्र प्राणवायू संपलेला असतो, तिथे युरेनियमचं क्षपण होतं, म्हणजे ते न विरघळणाऱ्या रूपात बदलतं, आणि दगडात बसतं. व्हॅनेडियमही तसंच अडकतं. त्यामुळे एखादा अश्मीभूत ओंडका भोवतालच्या दगडापेक्षा कितीतरी समृद्ध निघतो. हे मूळ खनिज काळं असतं. कड्यालगत हवा पोचली की त्याचं पिवळंधमक, भुकटीसारखं कार्नोटाइट होतं.

खनिज शोधण्याचे ठोकताळेही यातूनच आले. वाळूच्या दगडाचा थर निदान १२ मीटर जाड हवा, रंगाने फिकट तपकिरी हवा, त्यात काळा वनस्पतिज अंश हवा आणि मधला चिखलाचा थर करडा-हिरवट हवा. चिखल लालच राहिला असेल, तर तिथे क्षपण झालेलं नाही. पुढे भोकं पाडण्यात पैसा घालवू नये.

टनभर खनिजात सरासरी अडीच किलो युरेनियम ऑक्साइड आणि त्याच्या पाचपट व्हॅनेडियम ऑक्साइड. रेडियम जेमतेम ०.७ मिलिग्रॅम. रेडियम युरेनियमच्याच ऱ्हासातून तयार होतं, त्यामुळे जुन्या खनिजात हे प्रमाण ठरलेलं असतं: तीन टन युरेनियममागे साधारण एक ग्रॅम. तरी पहिली धाव रेडियमसाठीच होती. १९२१ मध्ये अमेरिकेने मारी क्युरींना भेट दिलेला एक ग्रॅम याच कार्नोटाइटमधला. मग बेल्जियन काँगोतलं कितीतरी सरस खनिज बाजारात आलं आणि इथला रेडियमचा धंदा बसला.

१९३० च्या दशकात पोलाद कठीण करण्यासाठी व्हॅनेडियमला मागणी आली. सॅन मिगेलच्या काठी उरावन हे गिरणीचं गाव १९३६ मध्ये वसलं. तिथे दळलेलं खनिज मीठ घालून सुमारे ८५० अंश सेल्सियसला भाजत. व्हॅनेडियमचं सोडियम व्हॅनेडेट होतं आणि ते पाण्यात उतरतं. युरेनियम बरंचसं गाळातच राही. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पाने तोच टाकलेला गाळ पुन्हा उपसला.

खाणींत नेमकं काय चुकलं, ते कळायला रेडॉन समजून घ्यावा लागतो. रेडियमपासून होणारा हा वायू श्वासातून बराचसा परत बाहेर पडतो. घात करतात ती त्याची अपत्यं, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून होणारी मूलद्रव्यं: पोलोनियम-२१८ (अर्धायुष्य ३ मिनिटं), शिसं-२१४ (२७ मिनिटं) आणि बिस्मथ-२१४ (२० मिनिटं). ती धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात, आणि पोलोनियमचे अल्फा कण तिथल्या पेशींवर मारा करतात. अपत्यं साठायला वेळ लागतो, म्हणून खाणीत हवा किती वेळ रेंगाळली हे महत्त्वाचं. काही मिनिटांत बदलणारी हवा बरी, तासभर साचलेली घातक.

नुसता पंखा बसवून भागत नाही. ताजी हवा जुन्या, खणून संपलेल्या दालनांतून फिरवली, तर कामाच्या जागी पोचेपर्यंत ती रेडॉनने भरलेली असते. जुनी दालनं भिंत घालून बंद करायची, ताजी हवा नळीने थेट खोदकामाच्या तोंडाशी सोडायची आणि वापरलेली हवा दुसऱ्या वाटेने बाहेर काढायची, हा उपाय. उपाय अवघड नव्हता. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग १८७९ मध्येच नोंदला गेला होता. तरी अमेरिकेत वर्षाला ४ ‘वर्किंग लेव्हल महिने’ (रेडॉनच्या अपत्यांशी आलेला संपर्क मोजण्याचं एकक) ही मर्यादा लागू व्हायला १९७१ उजाडलं, आणि खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. या दिरंगाईला अज्ञान म्हणता येणार नाही.

युरेनियम काढून घेतलं तरी मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के गाळातच राहतो. त्यातल्या थोरियम-२३० चं अर्धायुष्य ७५,००० वर्षं, आणि ते नवं रेडियम बनवत राहतं. उरावनची गिरणी १९८४ मध्ये बंद पडली. सफाई २००८ पर्यंत चालली. सुमारे एक कोटी घनमीटर गाळ, माती आणि मोडतोड बंदिस्त केली गेली. गावही पाडलं गेलं.

कड्यांतल्या लहान खाणींना हे नशीब मिळत नाही. काहींची तोंडं दगडी भिंतीने किंवा फोमने बुजवतात; वटवाघळं राहत असतील तिथे लोखंडी जाळी लावतात. जाळीतून हवा खेळते, आणि बाहेरचा वायुदाब उतरला की आतली रेडॉनभरली हवा तोंडाशी येते. साधा गायगर काउंटर इथे फसवतो. तो मुख्यतः भिंतींतून येणारे गॅमा किरण मोजतो, श्वासातून आत जाणारी अल्फा मात्रा त्याला कळत नाही. आकडा कमी दिसला म्हणून आत शिरू नये.