पार्श्वभूमी : बंदुकीचा बार, सप्रेसर आणि ‘इम्पल्स’चा घोळ

सप्रेसर म्हणजे बाराचा आवाज कमी करायला बंदुकीच्या नळीला लावायचे नळकांडे, अर्थात सायलेन्सर. त्याच्या जाहिरातीत डेसिबलचा आकडा ठळक छापतात. मीटर कोणत्या सेटिंगवर होता, हे मात्र क्वचितच सांगतात. या आकड्यांवरचे निम्मे वाद तिथेच जन्मतात.

अमेरिकेत व्यापारी सायलेन्सरचे पेटंट 1909 मध्ये मिळाले. पुढे साउंड लेव्हल मीटर आले, पण ते कारखाना, वाहतूक अशा सलग आवाजांसाठी. ‘फास्ट’ सेटिंगवर त्यांचा कालस्थिरांक, म्हणजे मीटर आवाजाची सरासरी साधारण ज्या अवधीवर काढतो तो काळ, 125 मिलिसेकंद, ‘स्लो’वर 1 सेकंद. रायफलच्या बाराचा पहिला दाबतरंग एखाद्या मिलिसेकंदातच ओसरतो. काटा हलेपर्यंत बार होऊन गेलेला असतो.

मग ‘इम्पल्स’ हे तिसरे सेटिंग आले. इथे थोडे थांबायला हवे, कारण या एका शब्दाने फार दिशाभूल केली आहे. इम्पल्स म्हणजे क्षणिक आवाज, बंदुकीचा बारही क्षणिक. तेव्हा हेच सेटिंग योग्य, असे कुणालाही वाटेल. पण त्याचा कालस्थिरांक 35 मिलिसेकंद आहे. आघातासारखा आवाज माणसाला किती मोठा *वाटतो*, या विचारातून तो ठरला. कानाच्या पडद्यावर येणाऱ्या कमाल दाबासाठी नव्हे. हिशेब सोपा आहे. एक मिलिसेकंदाचा एकसारखा स्पंद 35 मिलिसेकंदांत विरला, की आकडा सुमारे 15 डेसिबलने खाली येतो. दाबाच्या भाषेत ही तफावत साडेपाच पटींहून जास्त. ‘फास्ट’वर तीच 21 डेसिबलच्या आसपास जाते.

गुंता आणखी पुढे आहे. सप्रेसर वायू कोंडून हळूहळू सोडतो, त्यामुळे त्याचा आवाज बोथट आणि लांबट होतो. संथ मीटर उघड्या नळीच्या टोकदार बाराला जास्त कापतो, लांबट आवाजाला कमी. म्हणून इम्पल्सवर ‘इतके डेसिबल घटले’ हा फरक उलट लहानच दिसू शकतो, पण ‘सप्रेसरसह इतकेच डेसिबल’ हा आकडा मोहक दिसतो. विकणारा दुसराच छापणार.

आंतरराष्ट्रीय मानकात 1979 मध्ये ‘इम्पल्स’ला रीतसर जागा होती. 2002 च्या नव्या मानकाने ते मुख्य मजकुरातून काढून परिशिष्टात टाकले आणि श्रवणहानीचा धोका ठरवायला ते योग्य नाही, असे नोंदवले. माझ्या मते याला फार उशीर झाला. तोवर कित्येक तक्ते त्याच आकड्यांवर उभे राहिले होते.

बारासाठी खरे काम ‘पीक’चे, म्हणजे दाबाचे क्षणिक शिखर टिपणाऱ्या मापनाचे. अमेरिकी लष्करी मानकाच्या आधारे रुळलेल्या पद्धतीत मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून डावीकडे 1 मीटर, जमिनीपासून 1.6 मीटर उंच असतो, आणि मीटरचा चढ-काळ (दाब अचानक वाढल्यावर आकडा वर चढायला लागणारा वेळ) 20 मायक्रोसेकंदांहून जास्त चालत नाही. श्रवणहानीच्या धोक्यासाठी सांगितली जाणारी 140 डेसिबल ही ओळखीची मर्यादाही पीकचीच आहे. तिच्याशी इम्पल्सचा आकडा ताडणे ही सरळ चूक.

डिजिटल यंत्रांनी हाच प्रश्न नव्या रूपात आणला. सेकंदाला 48 हजार नमुने घेतले तर दोन नमुन्यांत जवळपास 21 मायक्रोसेकंद जातात आणि शिखर मधल्या मध्ये निसटू शकते. मोबाइलच्या मायक्रोफोनमध्ये तर शिखराचा माथाच त्याआधी कापला जातो. 2015 च्या लष्करी आवृत्तीने शिखराच्या पलीकडे जाऊन 100 मिलिसेकंदांच्या ऊर्जेवरचा आकडा आणि कानाचे गणिती प्रतिरूप असे दोन मार्ग दिले. त्यातल्या प्रतिरूपावर अजून एकमत नाही.