धाकट्या कॉलेजातला साहित्याचा तास

आपल्याकडे ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटलं की अकरावी-बारावी आठवते. अमेरिकेत हे नाव बारावीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांना मिळालं, आणि आजच्या कम्युनिटी कॉलेजांचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांचं, मूळ तिथे आहे. या कॉलेजांची ओळख नर्सिंग, मोटार-दुरुस्ती, अकाउंट्स अशी झाली असल्याने तिथे कुणी कथा-कविता शिकायला जातं याचं अनेकांना नवल वाटतं. क्रम मात्र उलटा आहे. तिथे भाषा, इतिहास, गणित आधी आले आणि मोटार-दुरुस्तीचा जोर नंतर वाढला.

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना विद्यापीठ संशोधनासाठी मोकळं हवं होतं. पदवीची पहिली दोन वर्षं म्हणजे शाळेचाच पुढचा टप्पा, तो बाहेर उरकावा, असं त्यांचं मत होतं. जोलिएट या जवळच्या गावातले शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या मदतीने १९०१ मध्ये तिथल्या हायस्कूललाच जोडून हा दोन वर्षांचा अभ्यास सुरू झाला. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते.

दोन वर्षं झाली की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. साहित्य टिकलं ते या एका शब्दामुळे, असं मला वाटतं. ट्रान्सफरसाठी दोन्हीकडचे विषय जुळावे लागतात. हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखन सक्तीचं केलं होतं आणि ती प्रथा देशभर रुजली होती. त्यामुळे छोट्यातल्या छोट्या ज्युनिअर कॉलेजालाही निबंधलेखनाचा वर्ग चालवणं भाग होतं, आणि त्याच्या पाठोपाठ कविता, कादंबरी, नाटक यांचे वर्ग आले. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स १९३६ मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनिअर कॉलेजातून बाहेर पडल्या. १९५० मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखक. पुढे विद्यापीठात त्या गेल्याच नाहीत, त्यांचं कॉलेजशिक्षण या दोन वर्षांत संपलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजं काढायची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये आराखडाच आखला: वरच्या गुणांच्या मुलांना विद्यापीठं, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. शिकवणी फीही नव्हती.

सर्जनशील लेखन हा विषय दुसऱ्या वाटेने आला. आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखकांची कार्यशाळा चालते. (आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ आयोवातच होते, पण परदेशी लेखकांसाठीच्या वेगळ्या कार्यक्रमात.) कार्यशाळेची पद्धत हळूहळू सगळीकडे पसरली. एकाने कथा लिहायची, तिच्या प्रती आठवडाभर आधी वाटायच्या. वर्गात बाकीच्यांनी एकेका वाक्यावर बोलायचं आणि लेखकाने तोवर गप्प बसून ऐकायचं. कम्युनिटी कॉलेजात ही पद्धत आली तेव्हा टेबलाभोवतीची माणसं बदलली. तिथे दिवसभराचं काम आटोपून आलेला ड्रायव्हर असे, मुलांना झोपवून आलेली आई असे, साठी उलटलेले आजोबाही असत.

त्यातली एक ऑक्टेव्हिया बटलर. वडील बूट पॉलिश करायचे, ते ती लहान असतानाच गेले. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई आणि त्यांनी टाकून दिलेली पुस्तकं-मासिकं लेकीसाठी घरी आणी. १९६५ मध्ये शाळा संपल्यावर ही मुलगी दिवसा नोकरी करायची आणि रात्री पासाडेना सिटी कॉलेजात जायची. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या कथास्पर्धेत तिला बक्षीस मिळालं: १५ डॉलर. लेखनातून मिळालेली ती तिची पहिली कमाई. १९६८ मध्ये तिने तिथली दोन वर्षांची पदवी घेतली. पुढे कित्येक वर्षं पोटापाण्याच्या नोकऱ्या सांभाळत ती पहाटे दोनला उठून लिहीत राहिली, आणि १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळवणारी पहिली विज्ञानकथा-लेखक ठरली. तो १५ डॉलरचा आकडा मला फार मोठा वाटतो.

न्यूयॉर्कमध्ये १९७० मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेश सर्वांना खुला केला. क्यूबन आईबापांचा मुलगा ऑस्कर इहुएलोस याच युनिव्हर्सिटीच्या ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजात शिकून पुढे गेला आणि १९९० मध्ये त्याला कादंबरीसाठी पुलित्झर मिळालं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या कॉलेजाचा अभ्यास करून १९६० मध्येच दाखवलं होतं की, खुल्या दारातून आलेल्या अनेकांची पदवीची आस इथे हळूहळू थंड केली जाते. समुपदेशक त्यांना छोट्या कोर्सकडे वळवतात. सत्तरच्या दशकात धंदेशिक्षणावर भर आला आणि साहित्याचं स्थान आक्रसत गेलं. कॅलिफोर्नियात १९७८ च्या करकपातीनंतर पैसा आटला आणि १९८४ पासून फी लागू झाली.

तरीही ती आवाक्यात राहिली. सध्या तिथल्या रहिवाशांना एका युनिटचे (अभ्यासक्रम मोजायचं एकक) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटच्या लेखनवर्गाचे १३८. नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेलेल्या, एच-४ या जोडीदाराच्या व्हिसामुळे नोकरी करू न शकणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना शिकायला मात्र परवानगी होती. क्युपर्टिनोच्या डी अँझासारखं कॉलेज त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

आज या कॉलेजांतले निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या, आणि मधला वेळ गाडीत, असा अनेकांचा दिवस जातो. निबंधाचा वर्ग सक्तीचा, त्यामुळे तो भरतो. कवितेचा वर्ग ऐच्छिक असतो. पुरेशी नावं आली नाहीत तर सत्र सुरू होण्याच्या तोंडावर तो रद्द होतो, आणि नाव नोंदवलेल्या आठ-दहा जणांना दुसरा विषय शोधावा लागतो.