घडीव लोखंड की माइल्ड स्टील?

भंगारात जुना गज, साखळीची कडी किंवा कुंपणाचा तुकडा सापडला की तो घडीव लोखंडाचा, असं आपण पटकन ठरवून टाकतो. ‘रॉट आयर्न’ म्हणून विकली जाणारी आजची नक्षीदार फाटकंही बहुतेक माइल्ड स्टीलची, म्हणजे कमी कार्बनच्या पोलादाचीच असतात, तेव्हा नावावर जाऊ नये. चुंबक दोन्हींना चिकटतं, कार्बन दोन्हींत कमी, गंज दोन्हींना चढतो.

खरा फरक पोटात असतो. हेन्री कॉर्टने 1784 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत भट्टीतला लोखंडाचा गोळा शेवटी पिठाच्या उंड्यासारखा घट्ट होई. त्यातली बरीचशी मळी (धातूतून सुटणारा काचेसारखा कचरा, स्लॅग) घणाखाली निघून जाई, उरलेली लाटताना धाग्यांसारखी लांबत जाई. पोलाद मात्र पूर्ण वितळतं आणि मळी वर तरंगते, म्हणून त्यात असे धागे नसतात. वयाचा पुरावा तोकडाच आहे. बेसेमरची पोलादाची पद्धत 1856 ची, तरीही 1889 चा आयफेल टॉवर घडीव लोखंडाचाच आहे.

गंज खोलवर गेला असेल, तर घडीव लोखंडावर जुन्या लाकडासारख्या शिरा उघड्या पडतात. ग्राइंडरवर त्याच्या ठिणग्या लांब, मंद तांबूस आणि जवळजवळ न फुटणाऱ्या. माइल्ड स्टीलच्या जास्त उजळ आणि टोकाशी थोड्या फाटे फुटणाऱ्या. पण ठिणग्यांवर माझा फारसा भरवसा नाही, उजेड बदलला की डोळा फसतो. त्यापेक्षा टोकाशी करवतीने अर्ध्यापर्यंत काप घ्यावा, तुकडा व्हाइसमध्ये धरून वाकवावा. घडीव लोखंड ओल्या फांदीसारखं रेषारेषांनी चिरत जातं. माइल्ड स्टील नुसतं वाकतं किंवा तुटतं, धागे दिसत नाहीत. आणि वाकण्याआधीच कडकन तुटून करडा, दाणेदार भाग दिसला, तर ते बहुधा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ते ऐरणीवर घेऊच नका.

भट्टीत मात्र सवय मोडावी लागते. माइल्ड स्टील नारिंगी तापावरही ठोकता येतं. घडीव लोखंड त्या तापावर ठोकलंत तर धागे सुटून चिरफळ्या होतात. ते पिवळं-पांढरं होईपर्यंत तापवायचं आणि थंडावू लागताच परत आत. त्याच तापावर भट्टीतला जोड फार छान बसतो, कारण पोटातली मळीच सुहाग्याचं (जोड स्वच्छ ठेवणाऱ्या क्षाराचं) काम करते. धागे तुकड्याच्या लांबीने जातील असं काम निवडा: हुक, कड्या, बिजागऱ्या. आडव्या ताणाला ते कमजोर असतं, त्यामुळे ज्यावर कुणाचा जीव टांगणार आहे तिथे अनोळखी भंगार नको.

जुना रंग भट्टीत जाळू नका, त्यात शिसं असू शकतं. जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा धूरही बाधतो. आणि इलेक्ट्रिक वेल्डिंग कराल तर जोड वरवरच्या थरालाच धरतो. वेल्ड शाबूत दिसतं, पण त्याखालचा पापुद्राच उचलून येतो.