ब्लॉगला वाचक मिळणं वेगळं, ब्लॉगमुळे ओळखी होणं वेगळं

स्वतंत्र सल्लागारांमध्ये एक घोळ काही मिटत नाही. ब्लॉग लिहायचा, वाचक वाढवायचे, मग ओळखी काय, आपोआप होतील. होत नाहीत.

वाचक कसे वाढवायचे हे सगळ्यांना पाठ आहे: सोपा विषय, गूगलवर शोधले जाणारे शब्द, चटपटीत मथळा. कोर्स विकायचा असेल तर हे ठीकच. पण वर्षाला जेमतेम दहा-बारा कामं हाताळणाऱ्याने हजारो वाचकांचं करायचं काय? वर्डप्रेस की लिंक्डइन, आठवड्याला की महिन्याला, यानेही फारसं बिघडत नाही.

गाडी अडते ती वाचक कोण, या प्रश्नावर. ओळखीसाठीचा लेख बहुतेकदा ग्राहकासाठी नसतोच. ग्राहकाला तुमचं नाव सुचवू शकेल अशा माणसासाठी तो असतो.

ऊर्जा सल्लागाराचंच घ्या. ‘पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी किती आली, याचं प्रमाण) म्हणजे काय?’ हा लेख डिप्लोमाची मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. त्याच विषयावर दुसरा लेख असा: महावितरणने १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना, म्हणजे मोठ्या कारखान्यांसारख्यांना, केव्हीएएचवर (घेतलेल्या एकूण विजेवर) बिल लावलं. प्रत्यक्ष कामी आलेला वापर १,००,००० केडब्ल्यूएच आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल, तर बिल साधारण १,११,१११ युनिटांवर येतं. म्हणून कारखाने पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बसवतात आणि निर्धास्त होतात. रविवारी मशिनं बंद, कपॅसिटर मात्र चालूच; पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो, म्हणजे उलट्या बाजूला घसरतो, आणि तोही केव्हीएएचमध्ये मोजला जातो. तेव्हा मीटरचा लोड सर्व्हे (ठरावीक वेळाने झालेल्या वापराच्या नोंदी) काढा, सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या करा, लीडिंग आरकेव्हीएएचचा (कामी न येणाऱ्या विजेचा) रकाना बघा. आकडा मोठा असेल तर ट्रान्सफॉर्मरवर कायमचा जोडलेला कपॅसिटर किंवा पॅनेलमधला चिकटून बसलेला काँटॅक्टर (कपॅसिटर चालू-बंद करणारा स्विच) तपासा.

हा लेख चाकण-भोसरीचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर वाचतो, पॅनेल बनवणारा वाचतो, बिल पास करणारा अकाउंटंट वाचतो. बिल का वाढलं, हा प्रश्न कारखानदार त्यांनाच विचारतो आणि हे काम त्यांचं नसतं. मग लेख पुढे जातो आणि सोबत तुमचा नंबरही.

म्हणून मथळा ग्राहकाच्या तोंडचा हवा: ‘कपॅसिटर बसवले, तरी बिल का वाढलं?’ उत्तर पूर्ण द्या. अर्धं सांगून ‘सविस्तर माहितीसाठी संपर्क साधा’ लिहिणाऱ्यांचा तर वैताग येतो. असला लेख कॉन्ट्रॅक्टर पुढे पाठवत नाही, कारण गिऱ्हाइकासमोर मान त्याची खाली जाते. सगळं सांगितलं तर ग्राहक घरच्या घरी करून घेईल, ही भीती फुकाची; लोड सर्व्हेच्या ओळी चाळत बसायला कारखान्यात सवड कोणाला आहे?

आपलं काम कुठे संपतं हेही लिहा. ‘हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) जास्त असतील तर आधी पॅनेलवाल्याकडून कपॅसिटर वाचवणाऱ्या डीट्यून्ड रिअ‍ॅक्टरचं बघून घ्या’ हे एक वाक्य पॅनेलवाल्याशी बोलणं सुरू करायला पुरतं. सगळंच मी करतो म्हणणाऱ्याकडे कोणी गिऱ्हाईक कशाला पाठवेल? तो तर स्पर्धक.

लेख टाकून वाट बघत बसू नका. चार-पाच जणांना वेगवेगळा पाठवा, प्रत्येकाला कारणासकट: ‘तुमच्या त्या फाउंड्रीच्या बिलात हेच असेल का?’ ब्रॉडकास्ट लिस्टवर ‘नक्की वाचा, शेअर करा’ टाकणं म्हणजे सुप्रभातच्या फुलांशी स्पर्धा.

उदाहरण ग्राहकाचं असेल तर नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘चाकणची जर्मन कंपनी, प्रेस शॉप’ एवढ्यावरून अख्खी एमआयडीसी ओळखते. गाव आणि मंजूर भार काढा, आकडे टक्क्यांत द्या, ईमेलवर लेखी परवानगी घ्या. आणि दर वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक बदलतात, त्यामुळे लेखाची तारीख सगळ्यात वर टाका, तळाशी नाही.