खाट कोणाची, ढेकूण कोणाचे? बेळगावातल्या भाड्याच्या खोल्यांची पार्श्वभूमी

मे-जून आला की टिळकवाडी, अनगोळ, नेहरूनगर या भागांत टेम्पो हलायला लागतात. एका खोलीतली गादी, वाकळ, प्लॅस्टिकची खुर्ची आणि पुस्तकांची खोकी दुसऱ्या खोलीत जातात. त्याच आठवड्यात डिपॉझिटवरून वाद होतो. "आमच्या घरात ढेकूण नव्हते, तुम्हीच आणलेत," असं मालक म्हणतात. "आम्ही आलो तेव्हाच भिंतीत होते," असं भाडेकरू म्हणतो. मालक कानडी असले तर ढेकणाची तिगणी होते, एवढाच फरक. शेवटी डिपॉझिटमधून औषध मारण्याचे पैसे कापले जातात आणि विषय मिटतो. ढेकूण मात्र तिथंच असतात.

या भांडणात दोघांनाही आपलं म्हणणं खरं वाटतं, कारण दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या काळातली खोली असते. एकाची रिकामी, दुसऱ्याची खाट-गादीसकट. ढेकणाचा इतिहास सांगायचा तर त्या खाटेपासूनच सुरुवात करावी लागते.

संस्कृतात ढेकणाला मत्कुण म्हणतात. एका जुन्या सुभाषितातली गंमत अशी की लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या धास्तीनंच. मराठीतही 'ढेकणाच्या संगे हिरा भंगला' म्हणताना ढेकणाबरोबर संगतीचा दोष येतोच. ढेकूण कुणाच्या तरी संगतीनं येतो, आपल्या घरचा नसतो, ही समजूत भाषेतच मुरलेली आहे. मालकांचं वाक्य तिथूनच येतं.

उपाय घरोघरी ठरलेले होते. बाज उन्हात काढायची, आपटायची, सुंभ सैल करून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, फटींना घासलेटाचा बोळा फिरवायचा. यातला उष्णतेचा भाग आजच्या शास्त्रालाही पटतो. पन्नास अंश सेल्सिअसच्या वर काही वेळ राहिलं तर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. अडचण बेळगावच्या हवेची. इथं पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन तोंड दाखवत नाही. ढेकणाच्या अंड्यातून सहा ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडतं. पाच वेळा कात टाकून ते मोठं होतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा रक्त लागतं. वाकळ उन्हात पडायची वाट बघत दोन महिने गेले तर नव्या पिढीची सोय होऊन जाते.

जुन्या बेळगावात भाड्याची खोली म्हणजे चार भिंती, एक कोनाडा आणि मोरी. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. तिथं आणि वडगाव, खासबागकडे विणकरांची वस्ती. कामासाठी आलेला माणूस माडीवरची किंवा मागच्या बोळातली खोली घ्यायचा आणि अंथरूण स्वतःचं आणायचा. मालकाचं काय, तर भिंत आणि कौलं. अशा खोलीत ढेकूण निघाले तर बोट भाडेकरूच्या वळकटीकडेच वळणार. त्या व्यवस्थेत ते फार अन्यायाचंही नव्हतं. ढेकूण उडत नाही आणि लांब चालतही नाही. तो सामानातून प्रवास करतो.

हाच प्रश्न इंग्लंडच्या कोर्टापुढे १८४३ मध्ये आला होता. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात सर थॉमस मॅरेबल यांनी थोड्या आठवड्यांसाठी सामानसुमानासकट घर भाड्यानं घेतलं. घरात ढेकूण निघाले. ते घर सोडून गेले आणि पुढचं भाडं द्यायला नकार दिला. स्मिथ विरुद्ध मॅरेबल या खटल्यात कोर्टानं त्यांची बाजू घेतली. सजवलेलं घर भाड्यानं देताना ते राहण्याजोगं आहे ही अट न लिहिताही करारात असते, असं ठरलं. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात कोर्टानं स्पष्ट केलं की रिकाम्या घराला ही अट लागू नाही. म्हणजे कायद्यानंही शेवटी खाट कोणाची हेच बघितलं.

आपल्याकडचा मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०८ नुसार साध्या नजरेला न दिसणारा, पण मालकाला माहीत असलेला महत्त्वाचा दोष मालकानं आधी सांगायला हवा. उलट जागा होती तशी परत करणं भाडेकरूवर आहे. ढेकूण हा असा दोष धरायचा का, यावर वाद घालता येईल. दिवसा तो लपतो, हे मात्र कुणी नाकारणार नाही.

मध्यंतरी एक काळ असा आला की हा वाद जवळजवळ बंद पडला. डीडीटी कीटक मारते हे पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये दाखवलं आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुंबई इलाख्यात शेजारच्या धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत मलेरियासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचं काम चाळीसच्या दशकातच सुरू झालं होतं. १९५३ मध्ये देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम आला. फवारणीवाले पंप घेऊन यायचे आणि भिंतीवर पांढरा थर सोडून जायचे. डास किती मेले हे घरातल्यांना दिसत नव्हतं, मेलेले ढेकूण मात्र सकाळी केरात दिसायचे. फवारणीचं स्वागत झालं त्यात ढेकणांचा वाटा मोठा होता.

मग ढेकूण मरेनासे झाले. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाईमधल्या पर्ल हार्बरला १९४७ मध्येच सापडले होते. भारतातही पुढच्या काही वर्षांत तेच घडलं. औषधानं चवताळून ते फटींतून बाहेर येत, पण मरत नसत. मग अनेक ठिकाणी लोक फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवू लागले. आज दुकानात मिळणारे बहुतेक स्प्रे पायरेथ्रॉइड गटातले आहेत, आणि ते कीटकाच्या मज्जातंतूत डीडीटी जिथं काम करते तिथंच काम करतात. आजोबांच्या काळातल्या फवारणीला टिकलेल्यांचे वंशज आजच्या डब्याला भीक घालत नाहीत, त्याचं हे एक कारण.

एक न्याय मात्र ढेकणालाही द्यायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासेत पॅटन नावाच्या डॉक्टरनं काळा आजार हा जीवघेणा ताप ढेकणामुळे पसरतो असा संशय धरला होता. पुढे दोषी वाळूमाशी ठरली. ढेकूण रक्त पितो, झोप उडवतो, अंगावर गांधी उठवतो, पण तो रोग पसरवतो हे सिद्ध झालेलं नाही.

कायद्याकडे परत येऊ. १९४७ चा मुंबई भाडे कायदा या भागाला माहीत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि सीमाप्रश्नाबरोबर भाड्याचे कायदेही बदलले. आधी १९६१ चा कायदा आला, नंतर १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा, जो २००१ च्या शेवटच्या दिवशी अमलात आला. या नव्या कायद्याला भाड्याची मर्यादा आहे. काही शहरांत महिना ३,५०० रुपये, इतरत्र २,००० रुपये. त्याहून जास्त भाड्याची जागा त्याच्या कक्षेबाहेर. आजच्या भावात बहुतेक खोल्या बाहेरच पडतात आणि उरतो तो बाँडवरचा करार. तोही अकरा महिन्यांचा, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते. इथून वीस किलोमीटरच्या आत, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत हद्द ओलांडली की महाराष्ट्राचा कायदा लागतो. तिथं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची.

अकरा महिन्यांची ही चाल कागद वाचवण्यासाठी आली, पण ढेकणाला ती फार सोयीची पडली. माणसं हलत राहतात, गाद्या हलत राहतात. खोली मधे दोन महिने रिकामी राहिली तरी मोठा ढेकूण उपाशीपोटी तग धरतो.

शेवटचा बदल गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला. वैद्यकीय कॉलेज १९६३ पासून होतंच. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आलं, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. मुलं वाढली आणि घरांच्या वरच्या मजल्यांची पीजी झाली. आता खोलीत लोखंडी खाट, कापसाची गादी, कपाट सगळं मालकाचं. एका खोलीत तिघं-चौघं, आणि तीच गादी वर्षानुवर्षं. खोली १८४३ च्या ब्रायटनसारखी झाली, पण बोलणं अजून शहापूरच्या रिकाम्या माडीचंच चाललंय.

या वादाच्या कडेला एक खरोखर धोक्याची गोष्ट आहे. घाईला येऊन काही जण धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत ठेवतात. त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. अशानं देशात माणसं दगावली आहेत. या गोळ्या घरात वापरायच्या नाहीतच. खरे उपाय म्हणजे वाफ, गरम पाणी, गादीला चेनचं बंद कव्हर, आणि जाणकाराकडून दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा फवारणी, कारण पहिल्या खेपेला अंडी वाचतात. हे एकाच खोलीत करून भागत नाही. भिंतीपलीकडच्या खोलीतही करावं लागतं आणि ते एकटा भाडेकरू करू शकत नाही.

गेल्या जूनमध्ये भाच्यासाठी खोली बघायला गेलो, तेव्हा आधी गादी उचलून मोबाइलच्या उजेडात शिवण बघितली. काळे ठिपके नव्हते. मालकांना हे फारसं रुचलं नाही. "खाट आमचीच आहे, नवी आहे," म्हणाले. मी म्हटलं, मग तेवढं बाँडमध्ये लिहू या. दुसऱ्या दिवशी टाइप झालं, खाट व गादी मालकाची, दोघांनी तपासलेली, ढेकूण नाहीत. सही करायला पेन हातात घेतलं आणि मालक थांबले. म्हणाले, "बाकी सगळं राहू दे हो, पण तो शब्द घालायलाच पाहिजे काय?"