मोठं सूर्यघड्याळ (छायायंत्र), खानदेश

उन्हात काठी रोवली की सावली पडते आणि ती सरकते, यासाठी कुणाला विश्वकोश उघडायची गरज नाही. ही नोंद त्याच्या पुढच्या गोष्टीची आहे, म्हणजे पक्कं बांधलेलं, माणसापेक्षा उंच आणि मिनिटाच्या आतल्या अचूकतेने वेळ सांगेल असं सूर्यघड्याळ आणि तेही जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या अक्षांशावर, जिथे बाहेरून उचललेलं डिझाइन बहुतेक वेळा फसतं.

खानदेशात छायायंत्रांचा विषय निघाला की गाडी पाटणादेवीला जातेच. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख 19व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं असं त्यात आहे, शेवटचा काही भाग तर जुन्या मराठीत आहे. शक 1128 लिहिलाय, तो इसवी सनात 1206 धरायचा की 1207 हा जुना घोळ, पण प्रभव संवत्सर आणि श्रावणातलं चंद्रग्रहण यांचा मेळ 1207 शी बसतो म्हणून तेच बरं वाटतं. खरा वाद आहे तो भास्कराचार्यांच्या गावाचा. ते स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं गाव सांगतात, ते कुणी पाटणजवळ दाखवतं, कुणी बीड म्हणतं, कुणी थेट विजापूर. सह्याद्रीची खूण आणि नातवाचा मठ या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर पाटणच्या बाजूचं पारडं थोडं जड वाटतं, फक्त एक लक्षात ठेवायचं की शिलालेख मठाबद्दल बोलतो, जन्माबद्दल नाही. त्यात यंत्राचाही उल्लेख नाही, त्यामुळे पाटणला भास्कराचार्यांची वेधशाळा होती असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं त्याला हा लेख आधार देत नाही.

यंत्रांची माहिती मिळते ती भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (1150), गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात. गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक आणि शेवटी धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हुशार माणसाला ढीगभर यंत्रं कशाला, हातात एक काठी बास, असा टोमणाही तिथेच आहे, मोठी यंत्रं बांधायला निघालेल्यांनी तो जरूर वाचावा. आपल्या कामाची यातली दोन. एक 12 अंगुळांचा शंकू (उभी रोवलेली खुंटी), विषुवदिनी दुपारी त्याची जी सावली पडते ती पलभा. जळगावला ती साधारण 4.6 अंगुळं येते, उज्जैनला 5.1, जयपूरला 6.1, म्हणजे अक्षांश मोजायची ही सोपी पट्टीच झाली. दुसरं नाडीवलय, विषुववृत्ताच्या पातळीत कललेली तबकडी, जिच्यावर दिवसाच्या 60 घटिकांना (घटिका म्हणजे 24 मिनिटं) सारखे 6-6 अंश मिळतात, मार्च ते सप्टेंबर ऊन वरच्या तोंडावर आणि उरलेले सहा महिने खालच्या.

दगडी आणि अवाढव्य हा प्रकार मात्र नंतरचा, सवाई जयसिंगाचा, 18व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला. पितळी यंत्रं लहान असतात, झिजतात, हलतात म्हणून त्याने चुना-दगड धरला आणि दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, काशी अशी पाच ठिकाणं केली. खानदेशाला त्यातलं जवळचं म्हणजे सातपुड्यापलीकडचं उज्जैन. जयपूरचं मोठं सम्राटयंत्र (तिरक्या भिंतीच्या धारेची सावली गोलाकार कमानीवर पाडून वेळ दाखवणारं) सुमारे 27 मीटर उंच आहे, त्याच्या कमानीची त्रिज्या 15 मीटरच्या वर, म्हणून सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकताना डोळ्याला दिसते आणि 2 सेकंदांपर्यंत खुणा पाडलेल्या आहेत.

इथेच लोक गंडतात. मोठं केलं की अचूक होतं हे अर्धंच खरं आहे. सूर्य हा ठिपका नाही, तो साधारण अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीच्या काठाला फिकट पट्टी येते (उपछाया), आणि तिची रुंदी त्रिज्येबरोबरच वाढते, मीटरला सुमारे 9 मिलिमीटर. सावली मीटरला मिनिटाला 4.4 मिलिमीटर चालते, म्हणजे घड्याळ हातभर असो की 15 मीटरचं, पट्टी कायम दोन मिनिटांचीच! मोठेपणाचा फायदा इतकाच की पट्टी रुंद झाल्याने तिच्यात नेमकी जागा शोधता येते, त्यासाठी कमानीजवळ बारीक काडी किंवा ताणलेला दोरा धरून तो कुठे सावलीत विरतो ते बघतात. दुसरा उपाय धारेऐवजी बारीक भोक, 3 मीटरवरून सूर्याची सुमारे 28 मिलिमीटरची गोल प्रतिमा पडते आणि तिचा मध्य पाच-दहा सेकंदांपर्यंत वाचता येतो. तेवढ्या त्रिज्येचं भोकाचं यंत्र नुसत्या धारेच्या दुप्पट मोठ्या यंत्राला सहज मागे टाकतं, पण उद्घाटनाच्या फोटोत ते उंच दिसत नाही, काय करणार.

आकार कोणता घ्यावा हे खानदेशाचा अक्षांशच ठरवून टाकतो. जमिनीवर आडवी तबकडी केली तर 21 अंशावर दुपारी 12 ते 1 ला जेमतेम साडेपाच अंश मिळतात आणि संध्याकाळी 5 ते 6 ला जवळजवळ 37, म्हणजे नेमकं भर दुपारी आकडे एकमेकांच्या अंगावर. युरोपातल्या बागेतलं सूर्यघड्याळ फोटोवरून बघून बनवलं की असं होतं. दक्षिणेच्या भिंतीवरचं आणखी वाईट, मे अखेर ते जुलै मध्य सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो आणि त्या भिंतीला दिवसभर ऊनच लागत नाही (जळगावचा शून्य सावलीचा दिवस 25 मेच्या आसपास). म्हणून इथे विषुववृत्ताला समांतर कमानच बरी, तासाला सरळ 15 अंश. धार उत्तर ध्रुवाकडे, चढ अक्षांशाइतका. जूनमध्ये सूर्य 6 च्या बराच आधी उगवतो, तेव्हा कमान दोन्हीकडे 100 अंशांपर्यंत न्यावी लागते, आणि 3 मीटर त्रिज्येला धार कमानीच्या पातळीपासून दोन्ही बाजूंना 1.3 मीटर तरी हवी, नाहीतर जून आणि डिसेंबरात सावली कमानीला लागतच नाही. भिंत जाड असेल तर तिला धारा दोन असतात, सकाळची वेगळी नि दुपारची वेगळी, आणि प्रत्येक बाजूच्या कमानीचा मध्य आपापल्या धारेवर पाहिजे, दोन्ही मध्य भिंतीच्या मधोमध घेतले की घड्याळ सकाळी मागे आणि दुपारी पुढे पडतं.

उत्तर दिशा होकायंत्राने काढू नये. चुंबकीय फरक इथे एका अंशाच्याही आत आहे, पण काळ्या पाषाणात लोह असतं आणि बाजूला सळया पडलेल्या असतात. जुनी रीतच चांगली, शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सावलीचं टोक सकाळी कुठे आत आलं आणि दुपारी कुठून बाहेर गेलं ते बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम. दिशा एक अंश चुकली तर डिसेंबरात दुपारी 3 मिनिटांची चूक येते, विषुवदिनी दीड मिनिटाच्या जवळ आणि मे अखेरीला काहीच नाही, कारण सूर्य डोक्यावरच असतो. सुट्टीत मे महिन्यात बांधून त्याच दुपारी चेक करून खूश झालेली मंडळी हिवाळ्यात घड्याळाला दोष देतात ती यामुळेच.

पाया हा तापीकाठी वेगळाच त्रास. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरवरच्या पायावरचं यंत्र दोन-तीन पावसाळ्यांत कलतं, मुरूम लागेपर्यंत खणणं भाग आहे. 3 मीटरची लोखंडी धार थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दीडेक मिलिमीटर वाढते, एक टोक मोकळं ठेवलं की भागतं. कमानीला पांढरा संगमरवर दिसायला झकास पण इथल्या उन्हात डोळे दिपतात, खुणा दिसत नाहीत.

यंत्र दाखवतं ती गावची खरी सौर वेळ, मोबाईलची नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशाची, त्यामुळे नंदुरबारला 33 मिनिटं मिळवायची, धुळ्याला 31, चाळीसगावला जवळजवळ बरोबर 30, जळगावला 28, भुसावळला 27. त्यात सूर्याच्या चालीतला वर्षभराचा चढउतार, 11 फेब्रुवारीच्या सुमारास 14 मिनिटं आणखी मिळवायची, 3 नोव्हेंबरच्या सुमारास 16 वजा करायची, आणि 15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर, 25 डिसेंबर या तारखांच्या आसपास काहीच नाही. म्हणजे जळगावचं माध्यान्ह फेब्रुवारीत 12.42 ला तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.12 ला. गावचा आकडा कमानीच्या खुणांतच सरकवून टाकावा आणि वर्षभराचा तक्ता बाजूच्या पाटीवर कोरावा, रंगवू नये, दोन उन्हाळ्यांत उडतो.